ज्या संस्थेला दान दिलं तिच्यावरच आरोप आला, तर मंडळीने काय करायचं

उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या सणाच्या, लिलावात आमच्या नागपूरच्या मंडळीत (चर्चमध्ये) एक कोहळं २,६०० रुपयांना गेलं. बाजारात शंभराच्या आत मिळालं असतं. ज्याने घेतलं त्याने घरी नेलं नाही, पुन्हा टेबलावर ठेवलं आणि पुन्हा बोली लागली. कोंबडा तर चारदा विकला गेला, पाचव्यांदा बिचारा पळाला. त्या दिवशी ४१,३०० रुपये जमले. हा पैसा दरवर्षी एका मदत संस्थेला जायचा. पूर आला, थंडी पडली, की टेम्पो त्यांचा आणि पैसा आमचा. त्या वर्षी संस्थेवर आरोप आला आणि तो गेला नाही. अजूनही आमच्याच खात्यात आहे.

मी रेल्वेच्या लेखा विभागात ३२ वर्षं काढली आणि मंडळीची खजिनदार म्हणून हे माझं नववं वर्ष. गेल्या काही महिन्यांत तीन मंडळ्यांच्या खजिनदारांनी फोन करून एकच विचारलं, "ताई, तुमच्याकडे तेव्हा काय केलं होतं?" प्रत्येकाला तासभर सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते. संस्थेचं नाव लिहिणार नाही, चौकशी अजून संपलेली नाही. आमच्या चुका मात्र लिहिते. त्या आमच्याच आहेत, त्यांची चौकशी झालेली आहे.

पहिला तास

२०२४ चा पावसाळा. उपासना सुटल्यावर मी दानाची मोजणी करत होते. एक पोरगी दारात येऊन उभी राहिली. वय चोवीस-पंचवीस, आमच्याच संडे स्कूलमध्ये वाढलेली, त्या संस्थेत फील्डवर कामाला. म्हणाली, "मावशी, थोडं बोलायचं होतं. पण इथं नाही." आम्ही मागे गेलो, जिथे कडुनिंबाखाली गाड्या लावतात. ती हेल्मेटचा पट्टा उघडायची, लावायची. मग म्हणाली, मदतीच्या यादीत नाव घालायचं असलं की सर बायकांना एकेकटं बोलावतात. आणि मग, पट्ट्याकडे बघतच, "मलेही बोलावलं होतं."

इथे एक गोष्ट माझ्याकडून बरी झाली. मी "तू गेलीच कशाला" असं विचारलं नाही. सुचलं नाही असं नाही, जिभेवर आलं होतं. आपल्या पिढीच्या बायकांच्या जिभेवर ते आधी येतं. ते गिळायचं. विचारायचं एवढंच: आत्ता तू सुरक्षित आहेस का, घरी कोणाला माहीत आहे, आणि तुला काय व्हावंसं वाटतं. ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून, तारीख टाकून, तिला वाचून दाखवायचं. "लगट केली" असं ती म्हणाली तर तेच लिहायचं, आपल्या मनाने "गैरवर्तन" करायचं नाही.

आणि एक चूक. मी म्हटलं, "बेटा, मी कोणालाच सांगणार नाही." असं वचन कधी द्यायचं नाही. त्या बोलण्यात अठरा वर्षांखालचं लेकरू निघालं, तर गप्प राहणं हाच गुन्हा होतो. लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचंच. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं झाकलं तर वर्षापर्यंत. पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, म्हणून सूट नाही, खजिनदार म्हणून तर नाहीच. तेव्हा म्हणायचं असं: "ज्याला सांगणं भाग आहे त्यालाच सांगेन, आणि सांगण्याआधी तुला सांगेन."

त्याहून मोठी चूक संध्याकाळी झाली. मी पाळकसाहेबांना गाठलं. त्यांनी बायबलातला मत्तयाचा अठरावा अध्याय काढला: भावाने अपराध केला तर आधी एकांतात जाऊन त्याला दाखव. आणि आम्ही दोघांनी स्पीकर लावून त्या सरांना, म्हणजे संस्थेच्या संचालकांना, फोन केला. "भाऊ, असं असं कानावर आलं, तुमच्यावर आमचा विश्वास आहे, पण..." ते फार गोड बोलले. मंगळवारी त्या पोरीची बदली गडचिरोलीच्या केंद्रावर झाली आणि ऑफिसचा मोबाइल जमा करायला सांगितला. त्या मोबाइलमध्ये त्यांचे मेसेज होते.

मत्तय अठरा हा दोन बरोबरीच्या भावांच्या भांडणासाठी आहे. एकाच्या हातात पगार आणि दुसरीच्या घरात आजारी बाप, तिथे तो लावायचा नसतो. "दोन-तीन साक्षीदारांशिवाय वडिलावरचा आरोप ऐकू नको" हे तीमथ्याच्या पत्रातलं वाक्यही असंच वापरलं जातं (वडील म्हणजे इथे मंडळीतला पुढारी). बंद खोलीत साक्षीदार कुठून आणायचे? हे मी पाळकसाहेबांना नंतर म्हटलं. त्यांनी मान्य केलं, आणि नंतरचं सगळं त्यांनी फार नीट केलं, हेही लिहायला पाहिजे. म्हणून पहिला नियम: ज्याच्यावर आरोप आहे त्याला फोन करायचा नाही. तक्रार कुठे जाणार हे ठरलं, मुलगी सुरक्षित झाली, मेसेजचे फोटो तिच्या स्वतःच्या फोनवर आले, की मग पुढचं.

कोणत्या आरोपाला कोणतं दार

कमिटीत सगळ्यांची सरमिसळ होते. एक म्हणतो पैसे खाल्ले, दुसरा म्हणतो पोरींना त्रास, तिसरा म्हणतो त्यांचं परदेशी निधीचं लायसन गेलं म्हणतात. एकाच पातेल्यात सगळं. मी कागदावर रेघा मारल्या.

लेकराचा प्रश्न असेल तर पोलीस, किंवा १०९८ ही लेकरांसाठीची हेल्पलाइन. त्यात मंडळीने आपली चौकशी मांडायची नाही, लेकराला पुन्हा पुन्हा विचारायचं नाही.

काम करणाऱ्या बाईचा असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, अध्यक्ष बाई, आणि एक सदस्य बाहेरची. तक्रार घडल्यापासून तीन महिन्यांत द्यायची, कारण लिहून समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची. पण ज्याच्यावर आरोप तोच मालक असेल, किंवा माणसं दहापेक्षा कमी असतील, तर जिल्हाधिकाऱ्यांकडची स्थानिक समिती. आमची पोरगी तिथेच गेली. सिव्हिल लाइन्सला रिक्षाने जाताना सोबत आमच्या महिला मंडळाच्या दोघी होत्या, त्यातली एक रस्ताभर संत्र्याच्या बर्फीबद्दल बोलत होती. पोरगी नंतर म्हणाली, त्या बर्फीमुळेच मी आत गेले. सोबत कोणाला पाठवायचं हे ठरवताना गंभीर चेहऱ्याची माणसं निवडू नका.

बऱ्याच जणांना माहीत नसतं: ह्या कायद्यात बाई पगारावर असलीच पाहिजे असं नाही. मदत घ्यायला त्या कार्यालयात आलेली वस्तीतली बाईही तक्रार करू शकते. गुन्हा नोंदवायचा तर कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो, "आमची हद्द नाही" हे उत्तर चालत नाही. आणि वकिलाच्या पैशाची काळजी असेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न न बघता.

पैशाचा आरोप असेल तर धर्मादाय आयुक्त. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. कलम ४१ब खाली चौकशी लावता येते, ४१ड खाली विश्वस्ताला निलंबित करता येतं, काढताही येतं. नागपुरात सहआयुक्तांचं कार्यालय आहे, मुंबईला जावं लागत नाही.

लायसनची गोष्ट वेगळी. परदेशी निधीची नोंदणी रद्द होणं आणि संस्थेत गैरवर्तन होणं ह्या दोन बाबी आहेत. २०२४ च्या एप्रिलमध्ये कासा ही चर्चांची मदत संस्था आणि सी.एन.आय.च्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) समाजसेवा मंडळासारख्या जुन्या संस्थांची नोंदणी रद्द झाली, तेव्हा आमच्या लोकांत एकच घबराट. तेव्हापासून कोणत्याही संस्थेबद्दल प्रश्न विचारला, की कोणीतरी म्हणतंच, "आधीच आपल्यावर डोळे आहेत, त्यात तुम्ही माकडाच्या हाती कोलीत देऊन राहिले." भीती खरी आहे, मी हसण्यावारी नेत नाही. पण त्या भीतीच्या आडोशाला कोण उभं राहतं, तेही बघायला पाहिजे.

कमिटीच्या बैठकीत एका ज्येष्ठ गृहस्थांनी तेच केलं. काठीवर हात ठेवून म्हणाले, "मिशनरी हिस्लॉप साहेब १८४५ ले आले इथं. १९७० ले चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, ते याच नागपुरात. इतक्या वर्षाचं नाव एका पोरीच्या बोलण्यावर घालवता का?" कोणी बोलेना. मग महिला मंडळाच्या सेक्रेटरी चहाचा कप खाली ठेवत म्हणाल्या, "नाव पोरीनं नाही घालवलं, काकाजी." ठराव त्यानंतर दहा मिनिटांत झाला.

पैसा सस्पेन्समध्ये

हे माझ्या धंद्यातलं, म्हणून सविस्तर लिहिते. रेल्वेत एखादी रक्कम कोणत्या खात्याची हे कळत नसेल तर ती सस्पेन्समध्ये टाकतात. ती उत्पन्न नाही आणि खर्चही नाही. पण सस्पेन्स म्हणजे कचरापेटी नव्हे. त्याचं रजिस्टर असतं. प्रत्येक रकमेपुढे तारीख, कारण, आणि ती सोडवायची जबाबदारी कोणाची ते नाव. दर महिन्याला आढावा. एखादी ओळ वर्षभर तशीच राहिली की वरून लाल शाईत प्रश्न येतो. माझ्या नोकरीतली निम्मी डोकेदुखी त्या लाल शाईची.

आरोपाचंही तसंच ठेवायचं. आमच्याकडे दोनच सवयी आहेत. एक तर लगेच "तो तर चोरच, मला आधीपासून वाटायचं." नाही तर "देव बघून घेईल." पहिली म्हणजे तपासाआधीच रक्कम त्याच्या नावे टाकणं, दुसरी म्हणजे पान फाडणं. सस्पेन्समध्ये ठेवलं की दोन्ही करता येत नाहीत.

ठराव आम्ही असा लिहिला, हवा तर उतरवून घ्या: "संस्थेबाबत आलेल्या तक्रारीची सक्षम यंत्रणेकडून चौकशी पूर्ण होईपर्यंत मंडळीकडून संस्थेस कोणतीही नवीन रक्कम अथवा वस्तू देण्यात येणार नाही. ह्या कामासाठी जमलेली रक्कम मंडळीच्या खात्यात स्वतंत्र शीर्षाखाली ठेवावी व दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिची स्थिती मंडळीस सांगावी. हा ठराव कोणावरही दोष सिद्ध झाल्याचे म्हणत नाही." शेवटचं वाक्य गाळू नका. ते कोर्टासाठीही आहे आणि आपल्यासाठीही.

पैसा थांबवताना खाली कोण उपाशी राहतं ते बघा. संस्थेच्या एका केंद्रात बारा लेकरांचं दुपारचं जेवण आमच्या पैशातून चालायचं. ते आम्ही थांबवलं नाही. तीन महिने किराणावाल्याला थेट बिलावर पैसे दिले. ऑक्सफॅम ह्या ब्रिटिश मदत संस्थेची गोष्ट आठवा. हैतीत २०१० चा भूकंप, २०११ ला तिथल्या काही कर्मचाऱ्यांच्या लैंगिक गैरवर्तनाची अंतर्गत चौकशी, आणि बातमी फुटली २०१८ च्या फेब्रुवारीत. पहिल्या काही दिवसांतच सुमारे ७,००० नियमित देणगीदार सोडून गेले. त्यांचा राग बरोबर होता. पण त्या पैशावर कुठेतरी पाण्याची टाकी उभी राहणार होती, तिचं काय, हा प्रश्नही बरोबरच आहे.

त्या प्रकरणातली मला खरी बोचलेली गोष्ट दुसरी. तिथल्या प्रमुखाला २०११ मध्ये राजीनामा देऊन जाऊ दिलं. पुढे तो बांगलादेशात दुसऱ्या मदत संस्थेत कामाला लागला. आपल्याकडे त्याचं भाषांतर शाल-श्रीफळ असं आहे. "प्रकृतीच्या कारणास्तव" निवृत्ती, निरोप समारंभ, फोटो, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात तोच माणूस नव्या लेकरांमध्ये. कोणी असा "सन्मानाने" तोडगा घेऊन आला, तर चौकशी राजीनाम्यानंतरही पूर्ण करणार का, एवढंच विचारा.

उलट बाजूही सांगते. वर्ल्ड व्हिजन ह्या ख्रिस्ती मदत संस्थेच्या गाझातल्या प्रमुखाला २०१६ मध्ये इस्रायलने अटक केली. आरोप, सुमारे पाच कोटी डॉलर हमासकडे वळवल्याचा. संस्थेने सांगितलं की आमचं गाझातलं दहा वर्षांचं एकूण बजेटच सव्वादोन कोटींच्या आसपास. लेखा विभागातला माणूस हे दोन आकडे शेजारी बघून पेन खाली ठेवतो. ऑस्ट्रेलिया सरकारने आपले पैसे थांबवले, तपास केला, आणि पैसे वळवल्याचा पुरावा मिळाला नाही असं सांगितलं. संस्थेने नेमलेल्या बाहेरच्या लेखापरीक्षणातही मिळाला नाही. कोर्टाने मात्र २०२२ मध्ये दोषी ठरवून बारा वर्षांची शिक्षा दिली. ह्यातलं खरं काय ते नागपुरात बसून मी ठरवू शकत नाही. थांबवणं, तपासणं आणि जे सापडलं ते जाहीर सांगणं, हा ऑस्ट्रेलियाचा क्रम मात्र उचलण्यासारखा आहे.

पत्र, आणि त्याचं उत्तर

थांबवल्यावर लेखी मागायचं. तोंडी काहीच नाही. पत्रावर पाळक आणि सेक्रेटरी दोघांच्या सह्या, पोच मिळेल असं पाठवायचं, १५ दिवसांची मुदत. आम्ही मागितलं: तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, विश्वस्तांची यादी आणि त्यांचं एकमेकांशी नातं, अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं, चौकशी कोण करणार आणि तो माणूस संस्थेच्या पगारावर आहे का, अहवाल देणगीदारांना दाखवणार का, तक्रार करणाऱ्यांच्या नोकरीचं काय. तक्रार कोणाची हे पत्रात लिहायचं नाही. "आमच्या निदर्शनास आलं आहे" पुरे. नात्याचा प्रश्न आमच्याकडे लाजून गाळत होते. मी ठेवला. खजिनदार म्हणजे सून आणि सेक्रेटरी म्हणजे मेव्हणा निघाला.

उत्तर आलं अकराव्या दिवशी. चकचकीत कागदाची आठ पानांची रंगीत पुस्तिका, लेकरांचे हसरे फोटो, आणि वरती चिठ्ठी: सैतान देवाच्या कामावर हल्ला करतो आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा. एकही आकडा नाही. सोबत त्यांच्या कार्यालयातून फोन, "ताई, तुमच्या मंडळीचं स्वतःचं ऑडिट झालंय का?"

झालं नव्हतं. वर्षभर मागे होतं, आणि आमचा विश्वस्त बदलाचा अर्जही धर्मादाय कार्यालयात धूळ खात पडला होता. तीन आठवडे रोज संध्याकाळी बसून मी ते पूर्ण केलं आणि अहवाल चर्चच्या दारात लावला. तुम्ही हे पत्र पाठवण्याआधी करा. बायबलात प्रेषित पावलाने करिंथकरांना गरिबांच्या वर्गणीबद्दल लिहिताना हेच सांगितलं आहे. तो एकटा पैसा घेऊन निघत नाही, मंडळ्यांनी नेमलेला माणूस सोबत घेतो, कोणी बोट ठेवू नये म्हणून. ज्याला बोट ठेवलेलं चालत नाही अशा संस्थेला मी भिते. शिष्यांची थैलीही यहूदाकडेच होती आणि त्यातलं तो काढत होता, हे योहानाने लपवलं नाही.

अमेरिकेत गॉस्पेल फॉर एशिया ह्या मिशनरी संस्थेच्या देणगीदारांनीही हाच प्रश्न विचारला होता. आशियातल्या गरिबांच्या नावाने घेतलेला पैसा नेमका कुठे गेला? २०१९ मध्ये ३ कोटी ७० लाख डॉलरवर तडजोड झाली, दोष कबूल न करता. त्यातला बराच पैसा आपल्याच देशातल्या गरिबांच्या नावावर जमलेला. तिकडच्या कोण्या आजीने पेन्शनमधून दिले असतील.

आता वाटप यादीवरच्या अंगठ्याच्या ठशांची गोष्ट. २०२३ च्या २३ सप्टेंबरला पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं. आम्ही तेव्हा ८६,००० रुपये ह्या संस्थेला दिले होते, नदीकाठच्या एका वस्तीत किट वाटायला. त्यांनी १२० नावांची वाटप यादी पाठवली, मी ती फाइलला लावून मोकळी झाले. ही माझी चूक, यादी लावली पण बघितली नाही. उत्तरात आकडे नाहीत म्हटल्यावर ती काढली आणि भिंग घेऊन बसले. सह्या थोड्या, बाकी अंगठे. सातव्या ओळीच्या अंगठ्यावर एक तिरपी चीर होती, विळीने कापल्यासारखी, वरून डावीकडून खाली उजवीकडे. नवव्या ओळीवर तीच चीर. चौदा, पंधरा, सोळा. पेन्सिलने खुणा करत गेले. ४३ ओळींवर एकच अंगठा. शेवटी शेवटी शाई फिकी होत गेली होती, पॅड पुन्हा न भिजवता ओळीने मारत गेल्यासारखी.

महिला मंडळाच्या चौघी वस्तीत गेल्या. यादीतली वीस नावं घेतली, चौदा घरं सापडली, किट मिळाली होती पाच घरांना. एका बाईने विचारलं, "कोन्ती किट वं बाई? आमाले तं चादर बी नाही भेटली." इथे फार सांभाळायचं. किट मिळाली की नाही, एवढंच विचारायचं. "साहेब कसे वागतात" हा प्रश्न तोंडातून निघता कामा नये. ते काम समितीचं, पोलिसांचं. आपण खोदायला गेलो की बाई गप्प होते, आणि उद्या तिची साक्ष "चर्चवाल्यांनी शिकवली" म्हणून उडते. यादीची मूळ प्रत आमच्याकडेच ठेवून झेरॉक्स धर्मादाय कार्यालयात अर्जासोबत दिली.

मंडळीला सांगणं

लपवलं तरी चार दिवसांत कळतंच. नागपूरच्या ख्रिस्ती लोकांत दोन घरं सोडली की सोयरीक निघते. त्यामुळे आधी आपणच सांगायचं, थोडं आणि खरं. पाळकसाहेबांनी उपासनेतल्या जाहिरातींच्या (सूचनांच्या) वेळी वाचलं, उपदेशात घातलं नाही. उपदेशात घातलं की लोक अर्थ काढत बसतात. आम्ही काय केलं ते सांगितलं: तक्रार आली, योग्य ठिकाणी गेली, पैसा थांबवला, हिशेब मागितला. त्या माणसाने काय केलं ते सांगितलं नाही. ते सिद्ध व्हायचं आहे, आणि अब्रूनुकसानीचं कलम भारतीय न्याय संहितेतही आहे. तक्रार करणाऱ्या बाईची ओळख उघड करायलाही २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे मनाई आहे. "आपल्या अमक्या लाइनमधली पोरगी" असं म्हटलं तरी आमच्यात ओळख पटते. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं त्याच दुपारी केलं. शिव्या मला खाव्या लागल्या, चालतं.

पाळकसाहेब त्या संस्थेच्या सल्लागार मंडळावर होते, मानद. त्यांनी आधी तिथला राजीनामा दिला आणि कमिटीत ह्या विषयावर मत दिलं नाही. तुमच्याकडे असं कोणी असेल तर पहिल्याच बैठकीत विचारा. त्या संचालकांना आमच्या पुलपिटवर उपदेशाला वर्षातून दोनदा बोलावत असू, तेही थांबवलं. त्यांची बायको आणि पोरं मात्र शेजारच्या मंडळीत येतात. त्यांच्याशी बोलणं तोडू नका असं मी आमच्या बायकांना सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं नाही.

त्या पोरीची नोकरी गेली. गडचिरोलीला रुजू झाली नाही म्हणून काढलं. ह्याचा विचार आम्ही आधी केलाच नव्हता, आणि खरं तर तो पहिल्या दिवशी करायला हवा. चार महिने घरभाडं मंडळीने दिलं, पाकिटात, नाव न वाचता. मधले काही रविवार ती आलीच नाही. आली तेव्हा शेवटच्या बाकावर बसली आणि तिच्या दोन्ही बाजू रिकाम्या राहिल्या. कोणी मुद्दाम केलं नसेल. पुढच्या रविवारी मी मोजणी दुसऱ्याला दिली आणि तिच्याशेजारी जाऊन बसले.

आता कुठवर आलं

स्थानिक समितीचा अहवाल झाला, तक्रार खरी ठरली. ते गृहस्थ अपिलात गेले आहेत. धर्मादायकडचं प्रकरण तारखांवर चालू आहे. पहिल्या रविवारी मी रजिस्टर उघडून ओळ वाचते: रक्कम ४१,३००, कारण, पुढची तारीख. सुरुवातीला सगळे कान देऊन ऐकायचे. आता त्या वेळी चपला शोधतात. तरी वाचते.

मदत थांबली नाही. गेल्या थंडीत लोकांनी वेगळी वर्गणी काढली. इतवारीतून आम्ही साठ ब्लँकेटं घेतली, पक्क्या बिलावर, आणि त्याच नदीकाठच्या वस्तीत वाटली. अंगणवाडीच्या ताई सोबत, आमचे दोघं, आणि शाईचं पॅड माझ्या हातात. प्रत्येकाचा अंगठा मी स्वतः धरून टेकवला आणि पुसायला कापूस दिला. एक म्हातारी ब्लँकेट काखेत धरून विचारू लागली, "ठसा कायले पायजे वं माय? मागच्या टायमाले तं कोनी घेतला नाही."

मी तिचं नाव विचारलं. घरी येऊन जुनी यादी काढली. सत्तावीसाव्या ओळीवर ते होतं, आणि त्यापुढे तिरप्या चिरेचा अंगठा.